विश्लेषण : दहा रुपयांची पुडी की मूठभर शेंगदाणे? मुलांच्या सकस डब्याचा हिशेब काय सांगतो?

पौष्टिक खाणे महाग असते, असे अनेक पालकांना वाटते. प्रत्यक्षात शाळकरी मुलांना लागणारी प्रथिने, लोह आणि कॅल्शियम यांचा मोठा भाग किराणा दुकानातल्या साध्या जिनसांतून मिळू शकतो. त्यासाठी जास्त पैसे लागतात की आहे तेच पैसे वेगळ्या ठिकाणी खर्च करावे लागतात, याचा हा आढावा.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की वह्या-पुस्तके, गणवेश, रिक्षाचे भाडे असे सगळे खर्च एकदम अंगावर येतात. त्याच सुमारास पाऊस लागतो आणि भाजीची जुडी महाग होते. मग काटछाट होते ती किराण्यात. डाळ थोडी कमी, वरण थोडे पातळ. सकाळच्या घाईत डब्यात चपाती-भाजी जाते आणि मधल्या सुट्टीसाठी मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले जातात. त्या दहा रुपयांची वेफर्सची किंवा क्रीम बिस्किटांची पुडी येते. पोट भरल्यासारखे वाटते, मूलही खूश होते. मात्र वाढीच्या वयातल्या शरीराला त्यातून काय मिळते, हा प्रश्न मागेच राहतो.

शाळकरी मुलांना रोज किती लागते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था (एनआयएन) यांनी २०२० मध्ये वयानुसार पोषणाची गरज ठरवून दिली. त्यानुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी, २३ ग्रॅम प्रथिने, १५ मिलिग्रॅम लोह आणि ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १० ते १२ या वयात प्रथिनांची गरज ३२-३३ ग्रॅमवर आणि कॅल्शियमची ८५० मिलिग्रॅमवर जाते. लोहाच्या बाबतीत मुलगे आणि मुली यांच्यात मोठा फरक पडतो. या वयाच्या मुलाला १६ मिलिग्रॅम लोह पुरते, तर मुलीला २८ मिलिग्रॅम लागते.

म्हणजे पाचवी-सहावीतल्या मुलीच्या ताटात तिच्या भावापेक्षा लोहाचे पदार्थ जास्त हवेत. अनेक घरांत नेमके उलट घडते. अंडे, मटण, दुधाची साय यांचा मोठा वाटा मुलाकडे जातो.

उणीव राहते कुठे?

२०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारने देशभर मुलांच्या पोषणाचे सर्वंकष सर्वेक्षण केले. त्यात ५ ते ९ वयोगटातील २४ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. १० ते १९ वयोगटातील मुलींमध्ये हे प्रमाण ४० टक्के, तर मुलग्यांमध्ये १८ टक्के होते. याच सर्वेक्षणात शाळकरी वयातल्या सुमारे १० टक्के मुलांमध्ये मधुमेहपूर्व लक्षणेही दिसली. एकाच पिढीत एकीकडे रक्त कमी आणि दुसरीकडे साखर जास्त, असे हे दुहेरी चित्र आहे.

ही मुले उपाशी असतात असे नाही. त्यांचे पोट भात, चपाती, पाव, पोहे, बिस्किटे यांनी, म्हणजे मुख्यतः पिष्टमय पदार्थांनी भरते. डाळी, कडधान्ये, पालेभाज्या, अंडी, फळे यांचे प्रमाण मात्र अपुरे राहते. एनआयएनने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसभराच्या एकूण कॅलरींपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवावा, असे म्हटले आहे.

पैसा नेमका जातो कुठे?

घरखर्चाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे २०२३-२४ चे आकडे याबाबत बोलके आहेत. ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी सुमारे ४७ टक्के, तर शहरी कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४० टक्के रक्कम खाण्यापिण्यावर जाते. त्यात पेये, बाहेरचे खाणे आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा ग्रामीण भागात ९.८४ टक्के आणि शहरी भागात ११.०९ टक्के होता. डाळींवरचा खर्च मात्र एकूण खर्चाच्या दोन टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो.

पेये आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांच्या रकान्यात चहाच्या टपरीपासून हॉटेलच्या जेवणापर्यंत बरेच काही येते. त्यामुळे तो सगळाच खर्च अनाठायी म्हणता येणार नाही. तरीही सरासरी कुटुंब डाळींपेक्षा कितीतरी जास्त पैसे तयार खाण्यावर घालवते, हे उघड आहे. हातावर पोट असलेल्या कुटुंबांकडे वळवायलाही पैसे नसतात, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. पण ज्या घरात रोज एखादी पुडी येते, तिथे हिशेब नव्याने मांडता येतो.

दहा रुपयांत काय मिळते?

भाव गावागणिक आणि हंगामानुसार बदलतात. हिशेबासाठी शेंगदाणे १५० रुपये किलो, फुटाणे १४० रुपये किलो, मसूर डाळ १०० रुपये किलो, अंडे ७ रुपये आणि दूध ६० रुपये लिटर असे धरू. वाचकांनी आपल्या दुकानातला भाव घालून हा हिशेब पुन्हा करून पाहावा.

- मसूर डाळ : १०० ग्रॅम. प्रथिने सुमारे २४ ग्रॅम.
- शेंगदाणे : सुमारे ६५ ग्रॅम. प्रथिने १५ ग्रॅमच्या आसपास.
- फुटाणे : सुमारे ७० ग्रॅम. प्रथिने १५ ग्रॅमच्या आसपास.
- अंडे : सात रुपयांचे एक. प्रथिने सुमारे ६ ग्रॅम, शिवाय ब-१२ जीवनसत्त्व.
- दूध : सुमारे १६५ मिलिलिटर. प्रथिने ५ ग्रॅम आणि २०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम.
- वेफर्सची पुडी : साधारण २० ते ३० ग्रॅम माल. प्रथिने जेमतेम २ ग्रॅम, बाकी तेल, मीठ आणि पिष्ट.

साधी ग्लुकोज बिस्किटे वेफर्सपेक्षा स्वस्त पडतात आणि त्यांत थोडी प्रथिनेही असतात. पण १०० ग्रॅम बिस्किटांत साखरच साधारण २५ ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेल्या साखरेतून मिळणाऱ्या कॅलरी एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांहून कमी असाव्यात आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत राहाव्यात. १७०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २१ ग्रॅम साखर, म्हणजे चार-पाच छोटे चमचे. दिवसभरात शंभर ग्रॅमचा एक पुडा संपला, की ही मर्यादा तिथेच ओलांडली जाते.

महिन्याचा हिशेब कसा बसतो?

घरात दोन मुले आहेत, शाळेचे २४ दिवस आहेत आणि प्रत्येकाला रोज दहा रुपयांची एक पुडी मिळते, असे समजा. महिन्याचे ४८० रुपये झाले. त्या ४८ पुड्यांतून मिळणारी प्रथिने १०० ग्रॅमच्या आतबाहेर असतात.

आता तेच पैसे किराण्यात घाला. वरच्याच भावाने २०० रुपयांत दोन किलो मसूर, १५० रुपयांत एक किलो शेंगदाणे आणि उरलेल्या पैशांत सुमारे नऊशे ग्रॅम फुटाणे येतात. या सगळ्यांत मिळून ९०० ग्रॅमहून अधिक प्रथिने आहेत. दोन मुलांना महिनाभर रोज प्रत्येकी १५ ग्रॅम पडतील एवढी. सात ते नऊ वर्षांच्या मुलाच्या रोजच्या गरजेचा हा सुमारे दोन तृतीयांश भाग आहे. उरलेली गरज चपाती, भाकरी, भात आणि दुधातून सहज भागते.

वरण-भातावर लिंबू का पिळायचे?

ताटातली काही जुनी जोडी आहारशास्त्राच्या कसोटीवरही खरी उतरते. तांदूळ, गहू, ज्वारी यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत जे कमी असते, ते मिथिओनिन धान्यांत मिळते. म्हणून वरण-भात, खिचडी, भाकरी-पिठले, चपाती-उसळ या जोड्यांतून मिळणारी प्रथिने एकट्या धान्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

यात प्रमाण महत्त्वाचे. एनआयएनच्या सूचनेनुसार कच्चे धान्य तीन भाग असेल, तर डाळ किंवा कडधान्य एक भाग हवे. खिचडीला तीन वाट्या तांदूळ घेतले, तर एक वाटी मूगडाळ. वरण पाण्यासारखे पातळ झाले की हे गणित बिघडते.

लिंबाचे कारण वेगळे. डाळी, पालेभाज्या, बाजरी यांतले लोह शरीर सहजासहजी शोषत नाही. सोबत क जीवनसत्त्व मिळाले, तर हे शोषण वाढते. म्हणून वरणावर लिंबू, भाकरीसोबत टोमॅटोची कोशिंबीर किंवा डब्यात पेरूच्या चार फोडी. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या जवळपास चौपट. हंगामात गाडीवर मिळणारा पेरू आणि आवळा यांच्यापुढे परदेशी फळांची गरज उरत नाही.

चहाचा परिणाम उलटा होतो. चहातले टॅनिन लोहाचे शोषण रोखते. अनेक घरांत मुले सकाळी चहा-चपाती किंवा चहा-खारी खाऊन शाळेला जातात. न्याहारीतून मिळू शकणारे लोह तिथेच वाया जाते. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळावा, मुलांना तर तो न दिलेलाच बरा.

लोह आणि कॅल्शियम कुठून मिळवावे?

- बाजरी : १०० ग्रॅममध्ये सुमारे ६ मिलिग्रॅम लोह. पावसाळ्यात आणि थंडीत आठवड्यातून दोन-तीनदा बाजरीची भाकरी, इतर दिवशी ज्वारीची.
- नाचणी : १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम. एका भाकरीत कपभर दुधाएवढे कॅल्शियम असते. ते सगळेच शरीरात शोषले जात नाही, त्यामुळे दूध-दही बंद करू नये. नाचणीचे आंबील, सत्त्व, धिरडी हेही पर्याय आहेत.
- तीळ : एका मोठ्या चमच्यात सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तिळाची किंवा कारळ्याची चटणी आठवडाभर टिकते.
- पालेभाज्या : मेथी, माठ, शेपू, चाकवत, शेवग्याचा पाला. मुले भाजी बाजूला काढत असतील, तर ती चिरून थालीपीठ, धपाटे किंवा पराठ्याच्या पिठात मळावी.
- मोड आलेली कडधान्ये : मटकी, मूग, हुलगे यांना मोड आले की लोहाच्या शोषणात अडथळा आणणारे फायटेट कमी होते आणि क जीवनसत्त्व वाढते.
- अंडी आणि मासे : मांसाहारी घरांत अंडे हा सर्वांत सोपा पर्याय. कोकणात सुकट, जवळा अशी सुकी मासळी पावसाळ्यात उपयोगी पडते. मात्र त्यातले मीठ लक्षात घेऊन प्रमाण ठेवावे.

गुळात साखरेपेक्षा थोडे अधिक खनिज असते, पण शरीराच्या दृष्टीने तीही साखरच. शेंगदाण्याचा लाडू चांगला, पण त्यात शेंगदाणे जास्त आणि गूळ बेताचा हवा.

रक्तक्षय असलेल्या मुलाला केवळ आहाराने बरे करता येईल, असे मात्र समजू नये. सरकारी योजनेत ५ ते ९ वयोगटाला गुलाबी आणि १० ते १९ वयोगटाला निळी लोहाची गोळी आठवड्यातून एकदा शाळेत दिली जाते. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक गोळीही मिळते. पोटात जंत असतील, तर चांगल्या आहाराचाही पूर्ण फायदा होत नाही. मूल सतत थकत असेल, फिकट दिसत असेल, तर डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

दुधातल्या पावडरी आणि नाचणी बिस्किटांचे काय?

‘उंची वाढते’, ‘बुद्धी तल्लख होते’ अशा जाहिरातींमुळे माल्टच्या पावडरींचा डबा अनेक घरांत महिन्याच्या यादीत असतो. भारतीय अन्न सुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी कोणतीही व्याख्याच नाही. त्यामुळे एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढून टाकण्यास सांगितले. अशा अनेक पावडरींत साखरेचा वाटा मोठा असतो. पेल्यातली बहुतेक प्रथिने दुधातूनच येतात. पावडरीचे पैसे वाचवून त्यात जादा दूध किंवा अंडी आणली, तर मुलाला अधिक मिळते.

‘नाचणी’, ‘मल्टिग्रेन’, ‘आटा’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पुड्यांबाबत एक नियम लक्षात ठेवावा. पुडीच्या मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. ज्याचे नाव पहिले, तो घटक सर्वांत जास्त. पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि पामतेल असेल, तर पुढच्या बाजूला कोणत्याही धान्याचे चित्र असो, ते बिस्किटच आहे.

सकाळच्या घाईत हे जमणार कसे?

तयार पुडीचा खरा फायदा वेळेचा असतो. पहाटे पाणी भरून, स्वयंपाक उरकून कामावर जाणाऱ्या आईला ‘डब्यात रोज नवे काही द्या’ हा सल्ला अन्यायकारक वाटू शकतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा केलेली तयारी अधिक उपयोगाची. रविवारी थालीपिठाची भाजणी दळून आणली, शेंगदाणे भाजून ठेवले, एक कोरडी चटणी कुटली आणि मटकी भिजत घातली, की पुढचे दिवस सोपे जातात.

- सोमवार : मटकीची उसळ-चपाती. मधल्या सुट्टीत केळे.
- मंगळवार : मेथी घालून थालीपीठ, दही. मधल्या सुट्टीत फुटाणे.
- बुधवार : मूगडाळीची धिरडी, शेंगदाण्याची चटणी. मधल्या सुट्टीत हंगामी फळ.
- गुरुवार : भाकरी-पिठले, काकडी. मधल्या सुट्टीत राजगिऱ्याचा लाडू.
- शुक्रवार : अंडा-भुर्जी चपाती किंवा चवळीची उसळ. मधल्या सुट्टीत भाजलेले शेंगदाणे.
- शनिवार : शेंगदाणे, मटार घातलेले पोहे, वर लिंबू.

शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलांसाठी अर्थातच दुसरा पर्याय हवा. अगदी लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, ते घशात अडकू शकतात. कूट किंवा चटणी द्यावी.

शाळेतल्या पोषण आहाराची मदत किती?

सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत ‘पीएम पोषण’ योजनेतून दुपारचे जेवण मिळते. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. निकषाप्रमाणे जेवण शिजले, तर सात-आठ वर्षांच्या मुलाची प्रथिनांची निम्मी गरज इथेच भागते. म्हणून घरून डबा दिला असला, तरी मुलाने शाळेतले जेवण टाळू नये.

या जेवणासाठी धान्य वेगळे दिले जाते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या प्रत्येक मुलामागे दिवसाला ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकसाठी १०.१७ रुपये दर आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय झाला. ते न खाणाऱ्यांसाठी फळाची सोय होती. जानेवारी २०२५ मध्ये मात्र त्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, इच्छुक शाळांनी लोकसहभागातून सोय करावी, अशी भूमिका राज्य सरकारने घेतली. लोकसहभाग उभा राहू शकत नाही अशा वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांना अंड्याची गरज सर्वाधिक असते, हा त्यातला पेच आहे.

जबाबदारी फक्त घराची आहे का?

नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार जास्त मेद, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘साखर फलक’ लावायला सांगितले. प्रत्यक्षात अनेक शाळांच्या फाटकाला लागूनच पुड्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. हा नियम पाळला जातो की नाही, हे विचारण्याचा अधिकार पालकांना आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे प्रतिनिधी असतात. तिथे हा विषय मांडता येतो, तसेच पोषण आहारातले वरण किती दाट आहे, हेही पाहता येते.

घरात पुडी कायमची बंद करण्याची गरज नाही. तसे केले तर मुले ती लपवून खातात. आठवड्यातून एकदा पुडी आणि उरलेले पाच दिवस फुटाणे, शेंगदाणे, फळ किंवा अंडे, एवढा बदल केला तरी दोन मुलांच्या घरात महिन्याचे सुमारे ४०० रुपये डाळ-कडधान्यांकडे वळतात. पुढच्या महिन्याची किराण्याची यादी करताना डाळीपुढचा आकडा एका किलोने वाढवणे, ही त्याची सुरुवात ठरू शकते.